एका गळ्यातलं गाव

नगरला आम्ही पहिल्यांदा खोली घेतली, तेव्हा सामान लावता लावता भिंतीपलीकडे भांडण जुंपलं. एक जाड आवाजाचा माणूस कुणाला तरी दम देत होता, दुसरा नाकात बोलून उत्तरं देत होता, आणि मधेच एक म्हातारी दोघांचाही उद्धार करत होती. सासूबाई हातातलं पातेलं तसंच धरून भिंतीशी गेल्या.

"घर भरलेलं हाय गं," त्या म्हणाल्या, "पन माणसं लई वंगाळ दिसत्यात."

मी दार लावून घेतलं. असल्या शेजारात दिवस कसे काढायचे, याची मला धास्ती पडली.

संध्याकाळी घरमालक नळाच्या पाण्याची वेळ सांगायला आले. पन्नाशी ओलांडलेले, हडकुळे, अंगात बंडी आणि कानावर पेन्सिल. सासूबाईंनी सरळ विचारलं, "तुमच्या घरात किती माणसं हायेत?"

ते जाड आवाजात म्हणाले, "जनगणना झाली की कळवू." मग नाकातून म्हणाले, "तोवर पाणी पहाटे येतं, भरून ठेवा."

दुपारी भांडत होते ते हेच दोन आवाज. त्या घरात ते एकटेच राहत होते.

आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून काढली, पण त्यांचा स्वतःचा आवाज कसा होता हे मला सांगता येणार नाही. दूधवाल्याशी ते एका आवाजात बोलत, भाजीवालीशी दुसऱ्या. वीज गेली की म्हातारीच्या आवाजात वायरमनला शिव्या देत. भाजीवाली म्हणायची, "ह्यांच्याशी भाव करायचा म्हंजी चौघांशी करावा लागतो."

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आई-वडील ऊसतोडीला जायचे, त्यांच्याबरोबर मीही जायचे, मग शाळा सुटली ती सुटलीच. बोलायची मला पहिल्यापासून भीती. किराणा दुकानातसुद्धा मी नाव न सांगता बोट दाखवते. काकांबद्दल तोंडानं सांगायचं म्हटलं तर जमणार नाही, म्हणून लिहिते.

काका मोबाईलवर लोक बघतात तशी कार्टूनची मालिका करायचे. आधी ते शाळेत चित्रकला शिकवत होते. ती नोकरी का सोडली, ते प्रत्येकाला वेगळं सांगत. मालिकेतल्या गावाचं नाव टाळीवाडी. तिथल्या माणसांची डोकी वांग्यासारखी, आणि कुणी काहीही बोललं की सगळे टाळ्या वाजवायचे. सरपंच दरवर्षी एकाच हापशाचं उद्घाटन करायचा, पण हापशाला पाणी कधी आलं नाही. दवाखान्याला डॉक्टर नव्हता, कंपाउंडर होता. तो तापाला, खरजेला आणि नवरा-बायकोच्या भांडणाला एकच इंजेक्शन द्यायचा. एक बुवा होता, तो मोबाईलवरून अंगारा पाठवायचा. आणि सगुणाआजी म्हणून एक म्हातारी होती, ती सगळ्यांना फाडून खायची. कानावर पेन्सिल लावलेला एक मास्तरही होता. तो जन्मभर एकच डोंगर काढत बसलेला. तो कोण हे आम्हाला विचारावं लागलं नाही. काका म्हणायचे, "आपल्या गावात कुणाला सूट नाही."

एकदा मोटारसायकलवरून काही माणसं आली. त्यांचा म्होरक्या दारातूनच ओरडला, "हा सरपंच आमच्या भाऊंवर काढलाय का?"

काकांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या भाऊंनी एकाच कामाचं दोनदा उद्घाटन केलंय का?"

"न्हाई."

"मग भाऊ नाहीत."

माणसं समाधानानं निघाली. गाड्या चालू झाल्यावर त्यातला एक परत आला आणि काकांच्या कानाशी लागून म्हणाला, "एकदा केल्तं." आणि पळाला.

मग पुण्याची काही पोरं आली आणि टाळीवाडीचा गेम करायचं ठरलं. गेम म्हणजे मारामारी, एवढंच मला माहीत होतं. काकांनी सासूबाईंना ओट्यावर बसून समजावलं, ते मी दाराआडून ऐकलं. मालिकेत गावातली माणसं बोलतात आणि आपण बघतो. गेममध्ये आपण गावात शिरायचं. कोण म्हणून शिरायचं ते आपणच ठरवायचं: पाहुणा, बदली होऊन आलेला तलाठी, नाहीतर नवी सून. मग वाटेल त्या घरापुढं उभं राहून वाटेल ते विचारायचं, आणि त्या घरच्या माणसानं उत्तर द्यायचं. पाहुण्याला वेगळं, तलाठ्याला वेगळं, सुनेला वेगळं.

"मंजी तुमाला समदं आधीच बोलून ठिवायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळं," काका बुवाच्या आवाजात म्हणाले. "कोण काय विचारील ते आधीच जाणून. म्हणून तर बुवा."

गेममध्ये मारामारी नव्हती, भांडण होतं. भांडणात जिंकलं की गावात आपलं वजन वाढायचं. हत्यार म्हणून शाल आणि नारळ मिळायचा. समोरच्याचा सत्कार केला की तो भाषण करायला लागायचा आणि भांडायचं विसरून जायचा. पण भांडण पाळीनं व्हायचं. आधी एकानं बोलायचं, मग दुसऱ्यानं. हे ऐकून सासूबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"भांडनात पाळी कुठं असती? तुजं झालं, आता माजं? ही काय फुगडी हाय व्हय?"

काकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवरच काहीतरी लिहून ठेवलं. नंतर कळलं की सगुणाआजीला त्यांनी पाळीतून सोडवलं होतं. गेममध्ये ती एकटीच कुणाची पाळी बघत नाही, तिला वाटेल तेव्हा बोलते. पुण्याची पोरं म्हणाली, असं केलं तर तिला कुणी हरवूच शकणार नाही. काका म्हणाले, "मग हरू द्या की. म्हातारीपुढं कुणाचं चाललंय?"

थोड्या दिवसांनी काका आमच्या दारात आले. गेमसाठी आवाज रेकॉर्ड करताना त्यांना समोर बसायला माणूस हवं होतं. गावात आलेला माणूस काय काय विचारील ते त्यांनी कागदावर लिहिलं होतं, ते वाचून दाखवायचं, म्हणजे त्यांना उत्तर द्यायला सुचायचं. स्वतःच विचारलं की उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यात जीव येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी मान खाली घातली. हे म्हणाले, "ती न्हाई बोलायची काका. माज्याशीच आठवड्यातून दोनदा बोलती."

"तसलंच माणूस पायजे," काका सरपंचाच्या आवाजात म्हणाले. "नवखं माणूस कुठं धडाधडा बोलतं? अडखळू दे सूनबाईला."

शेवटी सासूबाई म्हणाल्या, मी उंबऱ्यात बसते, ही आत बसंल. तसंच ठरलं. दुपारी घरातलं उरकून आम्ही दोघी जायचो. काकांनी रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. पंखा बंद ठेवावा लागायचा. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली किंवा रस्त्यानं टेम्पो गेला की थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. सासूबाई उंबऱ्यात मेथी निवडायच्या आणि हसू आलं की पदर तोंडात कोंबायच्या.

मी बोटानं ओळ धरून वाचायचे. सुरुवातीला माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. काका कधी रागावले नाहीत. मी वाक्य संपवेपर्यंत ते डोळे मिटून बसायचे, आणि मग त्या एका माणसातून कोणीतरी उठून उभं राहायचं. सरपंच झाले की त्यांचं पोट पुढं यायचं, खरोखर यायचं. सगुणाआजी झाले की मान डुगडुगायची आणि खालचा ओठ लोंबायचा.

एकदा त्यांनी मला विचारलं, "नवी सून गावात आल्यावर काय काय बोलते? तिच्या ओळी लिहायच्यात."

मी बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, "काही नाही."

काकांनी तेच लिहून घेतलं. म्हणून गेममध्ये सून होऊन खेळलं तर बोलायला जवळजवळ काहीच मिळत नाही. पण तिच्यादेखत गावातली माणसं मोकळेपणी बोलतात, कारण ती तिथं आहे हे कुणाच्या ध्यानात नसतं. पाहुण्याला आणि तलाठ्याला जे कधीच कळत नाही ते तिला कळतं. मी सून होऊनच खेळते.

काकांचं दुखणं मला भिंतीतून आधी कळलं. सरपंचाचा आवाज बारीक झाला. मग कंपाउंडर घोगरा झाला. सगुणाआजी तेवढी तशीच राहिली, कारण ती मुळातच फाटक्या आवाजाची. आम्हाला वाटलं, रोज बोलून घसा बसलाय. काका हळद-दूध प्यायचे. शेवटी हे त्यांना गाडीवर बसवून डॉक्टरकडे घेऊन गेले, आणि तपासण्या होऊन कॅन्सर निघाला. पुण्याला नेऊन स्वरयंत्र काढायचं होतं. काढलं तर जीव वाचेल पण आवाज जाईल. थांबलं तर दुखणं पसरणार. डॉक्टरांनी लगेच या म्हणून सांगितलं होतं.

काका गेले नाहीत. अर्धं गाव बोलायचं राहिलं होतं.

अकोले तालुक्यातल्या गावाहून त्यांची थोरली बहीण आली. काका तिला आक्का म्हणायचे. तिनं येताना नवा तांदूळ आणला होता, तो खाली ठेवायच्या आतच तिनं सुरू केलं.

"डॉक्टर लगीच या म्हनतोय आन् तू काय मुहूर्त बघतोस व्हय रे?"

"विषय पुढच्या ग्रामसभेत घेऊ," काका सरपंच होऊन म्हणाले.

"मी तुज्याशी बोलतीय, सरपंचाशी न्हाई."

काका नाकातून म्हणाले, "एक इंजेक्शन घ्या, राग उतरंल."

आक्का मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "आई गेली तवा बी असंच केलंस. मानूस म्हनून एकदा तरी बोल की रे. एकदा."

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी नुसता श्वास सोडला आणि तांदळाची पिशवी उचलून आत ठेवली. आक्का माझ्याकडं वळली. "तू बसतीस ना त्याच्याम्होरं? तू सांग गं त्याला." मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

त्यानंतरही दुपारी बसणं चालूच होतं. काका आता एकेक ओळ तीनतीनदा म्हणायचे, कारण आवाज मधेच फुटायचा. फुटला की तळहातावर कपाळ टेकायचे आणि मग पुन्हा सुरू करायचे.

एके दिवशी त्यांना खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडाला लावला आणि मग तो घाईनं मांडीखाली सरकवला. मला लाल दिसलं. उंबऱ्यात सासूबाईंनाही दिसलं असावं, त्यांचे हात थांबले. काकांनी मला वाच म्हणून खूण केली. रेकॉर्डिंगच्या मशिनवरचा दिवा लागलेला होता. कागदावर ओळ होती, पाहुणा सरपंचाला विचारतो, हापशाला पाणी कधी येणार.

मी ओळीवर बोट ठेवलं, आणि ती न वाचता विचारलं, "सरपंच, काका दवाखान्यात कधी जाणार?"

काकांनी डोळे उघडले. पण गावात आलेल्या माणसानं विचारलं की उत्तर द्यायचंच, हा त्यांचा नेम होता. तो त्यांनी स्वतःच घातलेला. त्यांचं पोट पुढं आलं.

"समिती नेमलीय," सरपंच म्हणाला. "अहवाल आला की बघू."

मी कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, "दवाखान्यात? अहो, दवाखान्यात माणूस आजारी पडतो."

मी बुवाला विचारलं. बुवा म्हणाला, "त्याचं सगळं आम्ही वरून बघून ठेवलंय. मिस कॉल द्या."

हे बोलताना त्यांना धाप लागली होती. पण आता थांबलं तर पुन्हा मला जमणार नाही हे मला कळत होतं.

"सगुणाआजी," मी म्हटलं, "काका दवाखान्यात कधी जाणार?"

सगुणाआजी कधी कुणाची पाळी बघायची नाही. त्या दिवशी ती गप्प राहिली. काकांची मान डुगडुगायला लागली, ओठ खाली आला, पण आवाज येईना. बाहेरून एक टेम्पो गेला, तरी थांबा असं कुणी म्हणालं नाही.

मग ती म्हणाली, "भ्यालंय गं ते. मुकं व्हायला भ्यालंय."

आवाज आजीचाच होता, पण त्यात भांडण नव्हतं.

"उंद्या जाईल म्हनावं," ती म्हणाली.

सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "जा बाबा. मी भाकरी बांधून देती."

काकांनी हात लांब करून मशिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी ते आक्काबरोबर पुण्याला गेले. ते बोलणं त्यांनी गेममध्ये ठेवलं नाही. ज्यांचे आवाज करायचे राहिले, ती माणसं आता गेममध्ये बोलत नाहीत. त्यांच्या दारात जाऊन काहीही विचारा, ती नुसत्या टाळ्या वाजवतात. खेळणाऱ्यांना वाटतं तो विनोद आहे, आणि ते खूप हसतात.

काका परत आले तेव्हा त्यांच्या गळ्याला भोक होतं आणि त्यावर पांढरं फडकं. श्वास तिथूनच. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र त्यांना मिळालं होतं. ते लावलं की मधमाशीसारखा घूं घूं आवाज यायचा. काकांनी ते एकदा लावून बघितलं आणि कपाटात ठेवून दिलं. असल्या आवाजाचं त्यांच्या गावात कुणी नव्हतं.

मग त्यांनी मोबाईल काढला. रेकॉर्ड केलेलं सगळं गाव त्यात होतं, घराघरानं लावलेलं. दूधवाला आला की काका बोटानं शोधायचे आणि सरपंच बोलायचा, "आपली मागणी रास्त आहे, उद्या या." भाजीवालीला कंपाउंडर बोलायचा. कोण काय विचारील ते बरंचसं त्यांनी आधीच बोलून ठेवलं होतं, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी भागायचं. भाजीवालीनं पहिल्या दिवशी पदर डोळ्याला लावला, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भाव करायला लागली. "ह्या कंपाउंडरशी न्हाई परवडत, आजीला बोलवा." काका खांदे हलवून हसायचे, हसण्याचा आवाज गळ्यातल्या फडक्यातून फसफस यायचा. डॉक्टरांशी मात्र ते कागदावर लिहून बोलायचे, आणि घरी आले की तो कागद फाडून टाकायचे.

गेम निघाला. ह्यांच्या कंपनीतली पोरं जेवणाच्या सुट्टीत खेळायची आणि एकमेकांना सरपंचाच्या आवाजात हाका मारायची. हे घरी येऊन सांगायचे, मी भिंतीकडं बघायचे. पलीकडं आता शांत असायचं. मोबाईलमधून कुणी बोललं तरी भिंतीतून आमच्यापर्यंत पोचायचं नाही.

पुढं दुखणं पुन्हा आलं. या वेळी डॉक्टर म्हणाले, आता काढण्यासारखं काही नाही. आक्का येऊन राहिली. तिच्यानं रात्रंदिवस होईना, म्हणून सकाळची पेज मी घेऊन जायचे. काका कॉटवर पडून असायचे, उशाशी मोबाईल. एके सकाळी ते भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. आक्का आंघोळीला गेली होती. मी पेजेची वाटी हातात घेऊन उभी राहिले. ते वळले, तेव्हा त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लई दुखतंय का, काका?"

नुसती मान हलवली असती तरी मला कळलं असतं. पण काका मान हलवून उत्तर देणारे नव्हते. त्यांनी मोबाईल घेतला. बोट सरपंचावर गेलं, थांबलं, खाली आलं. कंपाउंडरच्या घरात शिरलं, तिथून बाहेर आलं. बुवाकडं गेलं. सगुणाआजीपाशी बराच वेळ थांबलं, एकेक ओळ वर सरकत होती, ती सगळी भांडणं होती. प्रश्नांचे ते सगळे कागद मीच वाचले होते, त्यामुळं मला माहीत होतं. गावात आलेल्या माणसानं असं कुणाला विचारलेलंच नव्हतं. मास्तराच्या घरावरून तर त्यांनी न थांबताच बोट पुढं नेलं.

टाळीवाडीत एक लंगडं कुत्रंही आहे. कोरड्या हापशापाशी पडलेलं असतं. त्याच्याशी भांडता येत नाही, त्याचा सत्कार करता येत नाही, त्याच्यामुळं गावात वजनही वाढत नाही. ते नुसतं कण्हतं. त्याच्याजवळ जाऊन बसलं तर हळूहळू थांबतं, एवढंच. पुण्याच्या पोरांनी विचारलं होतं, याचा उपयोग काय, तेव्हा काकांनी उत्तर दिलं नव्हतं. त्याचा आवाज त्यांनी कधी केला ते मला माहीत नाही. माझ्यासमोर केला नव्हता.

काकांनी बोट तिथं ठेवलं आणि मोबाईल छातीवर पालथा घातला.

आवाज बारीक होता. मी वाटी खाली ठेवली आणि कॉटशेजारी जमिनीवर बसले.